कट्ट्यावरची पत्रं : सोपा पाडायचा की ठेवायचा?

मिरग निघून पंधरवडा झाला. बेळगावच्या शहापुरात रात्रभर कौलांवर पाऊस वाजतोय आणि माझ्या टेबलावर सात पत्रं पडली आहेत. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून घर, पाटी, मांडव, ताट यांबद्दल काही विचारायचं असलं की वाचक अजून 'बाई' म्हणूनच लिहितात. सोप्याबद्दलच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीबद्दलच्या, पहिल्या पत्राला जास्त जागा देणार आहे. अशा आशयाचं हे वर्षभरातलं चौथं पत्र.

बाई, नमस्कार. शहापुरातलं आमचं घर पणजोबांनी बांधलेलं. पुढे सोपा, आत माजघर, मागे परसू. दिवाळीनंतर पाडून दोन मजली बांधायचं ठरलंय. आम्ही दोघे भाऊ, दोन चारचाकी, तीन दुचाकी. इंजिनिअर म्हणतात, सोपा काढला तर पार्किंग नीट बसतं. आई म्हणते, सोपा गेला तर मी या घरात राहणार नाही. तिचं वय ७६. तिला कसं समजवावं?

तुमच्या आईंचं बरोबर आहे, आणि का ते मला सांगितलंच पाहिजे.

माझं बालपण शहापुरातलंच, विणकरांच्या गल्लीतलं. माजघरात वडिलांचा खड्डा माग. पाय खड्ड्यात सोडून ते बसत आणि सकाळपासून धोट्याचा आवाज सुरू. सोप्यात आजी रहाटावर कांड्या भरायची. त्या सोप्याला एक कायदा होता, तो कुणी लिहिलेला नव्हता. सोप्यापर्यंत कुणीही यावं. कासार यायचा, बोहारीण यायची, पोस्टमन पावसात थांबायचा, शनिवारचा बाजार करून निघालेल्या येळ्ळूरच्या बायका बुट्टी टेकवून पाणी प्यायच्या. 'काय काम काढलंत?' असं कुणी विचारत नसे. काम असलेला माणूस माजघराच्या उंबऱ्याशी येऊन हाक मारी. काम नसलेल्यासाठी सोपा.

वडील गेले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. दहा दिवस गल्लीतले विणकर संध्याकाळी माग थांबवून आमच्या सोप्यात येऊन बसत. काय बोलावं हे त्यांतल्या बऱ्याच जणांना सुचत नव्हतं. ते बोललेही नाहीत. तासभर बसत, तांब्यातलं पाणी पीत आणि उठून जात. आज एखाद्या फ्लॅटमध्ये दुःख झालं की भेटायला आलेला माणूस बेल दाबतो, आतल्या खोलीत सोफ्यावर बसतो, त्याला काहीतरी बोलावंच लागतं, आणि दहा मिनिटांत तो निघतो. त्याच्याकडे माया कमी आहे असं मला वाटत नाही. त्याला नुसतं बसायला जागा नाही, एवढंच.

आता मापं, कारण नकाशावर शेवटी आकडेच लागतात. तुमच्या घराची रुंदी पत्रात नाही. शहापुरातली जुनी घरं रुंदीला कमी, लांबीला जास्त. पंचवीस फूट धरू. एका चारचाकीला नऊ फूट रुंदी पुरते. उरले सोळा फूट. त्यात सहा फूट खोलीचा सोपा आरामात होतो आणि त्याच्या मागे एक खोली निघते. दुसरी गाडी परसवाच्या बाजूला बोळ असेल तर तिथून आत घ्या. बोळ नसेल तर भावाभावांनी विचार करा की दुसरी गाडी रोज लागते का. आई रोज आहेत.

सोप्याचा कट्टा सोळा-सतरा इंच उंच असावा. त्याहून बुटका केला तर म्हाताऱ्या माणसाला उठताना गुडघ्यावर हात रोवावा लागतो. त्याहून उंच केला तर पाय लोंबतात आणि रग लागते. नेमकी उंची काढायची तर आईंना विटांच्या थरावर बसवून बघा. त्या म्हणतील तिथे थांबा. बसायची खोली दीड फुटाहून कमी नको, कड गोल मारून घ्या. वर चकाकणारा ग्रॅनाइट नको, आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून तिरका मारतो, पहिल्याच श्रावणात कुणीतरी घसरेल. खरखरीत शहाबादी फरशी घाला. याच तिरक्या पावसासाठी वळचण तीन फूट बाहेर काढा. दीड फुटाच्या छज्ज्याने कट्टा कोरडा राहत नाही.

मुख्य घरावर स्लॅब घाला, पण सोप्यावर कौलंच ठेवा. जुनी मंगलोरी कौलं मजुरांना फेकू देऊ नका. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं साऱ्या किनाऱ्यावर आणि घाटावर पोचली. तुमच्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असेल, पुसून वाचा. शंभर पावसाळे झेललेली कौलं अजून वाजवून बघितली तर खणखणीत असतात. उलट गावात नजर फिरवा: वीस वर्षांपूर्वीचे सपाट स्लॅब गळायला लागले म्हणून घराघरावर पत्र्याची शेड चढली आहे. पत्र्याखाली जुलैत बोलणंही ऐकू येत नाही.

लाकडी खांबांची खालची टोकं तपासा. वाळवी लागली असली तरी बहुधा तेवढाच वीतभर भाग खराब असतो. सुतार तो कापून खाली नवा तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, बसवून देईल. आणि एक विनंती, सोप्याला वरपर्यंत ग्रिल लावू नका. ग्रिल हवंच तर माजघराच्या दाराला लावा. ग्रिलमागे बसलेल्या म्हातारीशी रस्त्यावरून कुणी बोलत नाही.

मुलीचं लग्न ठरलंय. तिच्या सासरची मंडळी पुण्याहून दोन दिवसांसाठी पहिल्यांदाच बेळगावला येताहेत. त्यांना कुठल्या चांगल्या एसी हॉटेलात न्यावं? आमचं घर लहान आहे. – एक वाचक, अनगोळ

घर लहान असलं तरी पहिलं जेवण घरीच करा, ताई. पुण्यात एसी हॉटेलं भरपूर आहेत. अनगोळचं जेवण तिथे नाही.

शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात पिकणारा बेळगाव बासमती कुणाकडे मिळाला तर तोच शिजवा. शिजताना चुलीवरून वास गल्लीत जातो, पाहुण्यांना वेगळं सांगावं लागत नाही. भात कापल्यावर त्याच ओलीवर तिथे मसूर होतो; त्या मसुराची आमटी करा. तो लहान, करड्या रंगाचा, सालीसकट असतो, आणि आमटीला खोबरं-लसणाचं वाटण लागतं. सोबत भाकरी, कारळ्याची चटणी, ताक. पंगत जमिनीवर. खुर्च्या गोळा करायला शेजारी फिरू नका. एक सतरंजी आणि ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी दोन पाट एकावर एक.

मांडे मात्र घरी करायच्या फंदात पडू नका, ते हातांचं काम आहे. जी बाई मांडे करते ती कणकेची पोळी हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवते आणि पालथ्या खापरावर टाकते. आत पिठीसाखर. गरम आहे तोवरच घडी घालायची, निवला की कुरकुरीत होतो आणि मग मोडतो, घडी बसत नाही. आपल्या भागात मांड्यांशिवाय लग्न पुरं होत नाही. पुण्याची मंडळी 'मनात मांडे' नुसतं बोलण्यात वापरतात; त्यांच्या पानात खरा वाढा. दोन दिवस आधी सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी त्यांना किल्ल्यात न्या. रट्ट राजांचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधलेली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, तिथे आहे. लोक आत जातात, हात जोडतात, दोन मिनिटांत बाहेर येतात. तुम्ही तसं करू देऊ नका. मंडपाच्या थंड फरशीवर सगळ्यांना बसवा आणि वर बघायला सांगा. दगडी कमळ छतातून खाली उतरलेलं आहे. मी दरवर्षी एक वर्ग तिथे नेत असे; मुलं फरशीवर पाठ टेकून ते कमळ काढायची. उभ्याने काढलेली चित्रं आणि पडून काढलेली चित्रं यांतला फरक मला लगेच कळायचा.

रात्री एखाद्या जोंधळ्याच्या भाकरीच्या खानावळीत जा. लांब बाक, समोर अनोळखी माणूस, ताटात तडतडीत भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही, कच्चा कांदा. वाढपी 'इन्नू बेका?' म्हणजे 'आणखी हवी?' असं कन्नडमध्ये विचारेल, तुम्ही मराठीत 'अर्धी' म्हणाल, तो अर्धी वाढेल. पुण्याच्या विहीणबाईंना हे बघायला मिळू दे. त्यांची सून कुठल्या गावात वाढली हे त्यांना त्या बाकावर जितकं कळेल, तितकं बैठकीत कळणार नाही.

निघताना कुंदा आणि गोकाकचा डिंक-सुकामेव्याचा करदंट बांधून द्या. कुंदा ताजा, त्याच दिवशीचा घ्या आणि चमचाभर तोंडात टाकून दाणा बघा. दूध नीट आटवलेलं असलं की दाणा जिभेवर जाणवतो आणि रंग तपकिरी असतो, काळपट नसतो.

लग्न होऊन कॅम्पातून वडगावला आले. धुळवडीला रंग घेऊन बाहेर पडले तर गल्लीत कुणीच नाही! असं का? – एक नवी सून

शहापूर-वडगावकडे रंग पंचमीला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांकडे. संस्थानं गेली तरी रिवाज राहिला. तुमचा फायदाच आहे. धुळवड माहेरी खेळा आणि पंचमीला सासरी. दोन्हीकडच्या बायका वाट बघतात.

माझं वय ५८. मुलीकडे नातू सांभाळते. दुपारी दोन तास मोकळे मिळतात. एकटी बाई या शहरात पैसे न खर्चता, कुणी 'काय पाहिजे?' न विचारता कुठे बसू शकते? – टिळकवाडी

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. याचं उत्तर द्यायला मला विचार करावा लागला, ही शहराची उणीव आहे.

सार्वजनिक वाचनालयात जा. १८४८ पासूनची संस्था आहे. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि तुम्ही गेलात की दुसरीही येईल. सुरुवातीला सगळे पुरुष दिसतील. बसा. व्हॅक्सिन डेपोच्या आवारात झाडं मोठी आहेत, पण दुपारी एकटीने आत फार खोल जाऊ नका. सकाळची वेळ चांगली. कपिलेश्वराच्या देवळात सोमवार सोडून गर्दी बेताची असते.

तुमच्या पत्रावरून आठवलं म्हणून लिहिते. एका रस्त्यावर नवीन फुटपाथ झाला, बाकही आले. त्यातला एक बाक मी बघितला तो कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून, भिंतीपासून दोन फुटांवर. बसणाऱ्याला समोर नुसता गिलावा. ज्याने तो बसवला तो त्यावर बसून बघता तर हे झालं नसतं. बाक झाडाखाली हवा, पाठ टेकायला हवी, उठताना धरायला हात हवा, आणि समोर माणसांची ये-जा हवी. म्हातारं माणूस माणसं बघायला बाहेर पडतं.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात एक दिवसाचं मराठी साहित्य संमेलन सुरू करावं असं तरुण मंडळाच्या मनात आहे. तीनशे माणसं येतील. पाहुणे, मांडव, जेवण कसं जमवावं?

जरूर करा. अखिल भारतीय संमेलनं बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० साली झाली. १९४६ चं तर माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो. पण मराठी इथे जिवंत राहिली ती दर हिवाळ्यातल्या रविवारी कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी, सांबरा अशा गावांत भरणाऱ्या संमेलनांमुळे, असं माझं ठाम मत आहे. मी यांतल्या बहुतेक ठिकाणी गेले आहे, कुठे बोलायला आणि जास्त वेळा ऐकायला.

दिंडीपासून सुरू करा. ग्रंथांची पालखी गावातून फिरली पाहिजे, दारादारात रांगोळी पडली पाहिजे. त्याचं कारण शोभेचं नाही. जी बाई कधी मांडवात आली नसती ती पालखीला ओवाळते आणि मागोमाग येते. तिला जागा पहिल्या तीन रांगांत राखा. बहुतेक ठिकाणी तिथे सोफे टाकून मान्यवरांना बसवतात आणि बायका मागे ताडपत्रीवर, जिथे अर्धं ऐकूही येत नाही. तुम्ही नवीन सुरू करताय, तुम्ही हे उलटं करू शकता.

व्यासपीठाच्या पायऱ्या सहा इंचांच्या आणि बाजूला धरायला बांबू. साहित्यिक म्हातारे असतात. एका गावात अध्यक्षांना दोघांनी उचलून वर घेतलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही.

सत्कार दहा मिनिटांत उरका. शाल-श्रीफळात दीड तास गेला की कविसंमेलन साडेतीनला सुरू होतं आणि शेवटच्या कवींना रिकाम्या खुर्च्यांसमोर वाचावं लागतं. त्यांतलाच एखादा तुमच्या गावचा बारावीतला पोरगा असतो. मी म्हणेन, त्याला पहिला वाचू द्या.

जेवणासाठी वर्गणीपेक्षा शिधा मागा. घरटी एक शेर तांदूळ, कुणी गूळ, कुणी लाकडं, कुणी भोपळा. पैसे दिलेला माणूस विसरतो. तांदूळ दिलेल्या घरातली माणसं आपला भात कसा झाला ते बघायला येतातच. आमटी-भात, एक भाजी, गव्हाची खीर, बस्स. दीड वाजता ताटं पडली पाहिजेत, भाषण चालू असलं तरी. पुस्तकांचा स्टॉल जेवणाच्या रांगेला लागून ठेवा. रांगेत उभं असताना माणूस पुस्तक चाळतो. माझ्या घरातली निम्मी पुस्तकं अशी भाताच्या रांगेत घेतलेली आहेत.

किराणा दुकानाची नवी पाटी करायची आहे. कन्नड ठळक हवंच, मराठी गिऱ्हाईकही आहे, मुलगा इंग्रजी हवं म्हणतो. तिन्ही घालून पाटी फार गिचमिड दिसते. – खडेबाजार

कर्नाटकातल्या नियमाप्रमाणे साठ टक्के जागा कन्नडला द्यायचीच आहे, तेव्हा ती मनापासून द्या. पाटी पाच भागांत वाटा: वरचे तीन कन्नडला, उरलेल्या दोनांत मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी, एकाखाली एक नकोत. गिचमिड होते ती तीन भाषांमुळे होत नाही. कडेला मोकळी जागा नाही, वर फोन नंबर, देवाचा फोटो, साबणाची जाहिरात, त्यामुळे होते. ते काढा.

जुने पेंटर 'अक्षर बसवणे' म्हणत. माझ्या लहानपणी आमच्या भागात एक पेंटर होते, कन्नड आणि देवनागरी दोन्ही हातांत. ते सांगायचे, कन्नड अक्षराचं वजन पोटात आणि पायाशी, त्याला खाली ऐसपैस जागा सोड. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली, तिच्या डोक्यावर वेलांटी-मात्रेपुरता श्वास ठेव. आता कॉम्प्युटरवर देवनागरी आडवी दाबून भरतात आणि शब्द खुरटतो. जागा कमी असेल तर अक्षर लहान करा, पण दाबू नका. छापण्याआधी पाटी कागदावर काढून रस्त्याच्या पलीकडे जाऊन वाचा. शक्य असेल तर हातानेच रंगवून घ्या.

यंदा वैशाखात सासूबाईंना शिवजयंतीचे चित्ररथ दाखवायला नेलं. वय ८२. मारुती गल्लीत दोन तास उभ्या राहिल्या, पहिला चित्ररथ यायच्या आत आम्ही परतलो. रिक्षात त्या रडल्या. म्हणाल्या, आता काही माझ्याच्याने बघणं होत नाही. पुढच्या वर्षी काय करू? – हिंदवाडी

चित्ररथ उशिरा निघतात आणि मध्यरात्र उलटून पहाटेपर्यंत चालतात, तेव्हा संध्याकाळी जाऊन उभं राहू नका. जेवून, थोडी झोप काढून साडेदहानंतर निघा. चौकात थांबू नका, तिथे रेटारेटी आणि स्पीकर. गल्लीच्या मधल्या भागात थांबा, जिथे रथ संथ पुढे सरकतात आणि त्यावरची मुलं जवळून दिसतात. अफजलखानाच्या वधाच्या देखाव्यातला एखादा पोरगा तासन्‌तास हात वर धरून उभा असतो. त्याला नावाने हाक मारून पाणी देणारी माणसं गल्लीतच असतात.

आणि कट्टा हवा. रामलिंगखिंड गल्लीत माझ्या नणंदेचं घर आहे, जुनं, पुढे सोपा, कट्टा साडेसोळा इंच. त्या रात्री तिथे गल्लीतल्या सात-आठ म्हाताऱ्या बसलेल्या असतात, एक तर लिंगराज कॉलेजच्या बाजूने दरवर्षी येते आणि तिचं आमचं काही नातं नाही. मी नणंदेशी बोलले. पत्ता संपादकांकडे ठेवला आहे. सासूबाईंसाठी भिंतीकडची जागा, पाठीला उशी. पहाटे गार वारं सुटतं, शाल तेवढी आणा.